पाणकावळा शिवला

बावन्न वर्षांची होती सुमेधाताई,
म्हणून बावन्न फुगे.
पोरं सव्वीस, प्रत्येकी दोन. हिशेब माझाच.
सिलिंडर मीच आणला जुईनगरहून, रिक्षात पायाशी धरून.
दुकानदाराला विचारलंही होतं, खोटं कशाला बोलू,
हे शेवटी जातात कुठे?
तो म्हणाला, रबर झाडाचंच असतं साहेब,
पानासारखं कुजून जातं.
मला तेवढंच ऐकायचं होतं.

नेरूळच्या मैदानात, वर्षश्राद्धाच्या सकाळी
तिच्या बालवाडीतली पोरं ओळीने उभी.
दोन्ही मुठींत चंदेरी रिबिनी,
रिबिनीला पुठ्ठ्याची चिठ्ठी, भोक पाडून.
ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी सूर्य काढला,
नाहीतर ताईचा चश्मा.
एक, दोन, तीन म्हणालो
आणि सगळ्या माना वर.
भावजींनी टाळ्या वाजवल्या, मग ओशाळून थांबले.
फुगे खाडीकडे सरकत ठिपके झाले,
ठिपके दिसेनासे झाले,
आणि दिसेनासं होणं म्हणजे संपणं
असं आम्ही मोठी माणसं धरून चाललो.

तिसऱ्या आठवड्यात सारसोळेच्या जेट्टीवर
चांगुणाबाई जाळं झटकत होती.
चार बोयटं, दोन चिंबोऱ्या, दुधाच्या पिशव्या,
आणि लाल रबराचं लक्तर.
"यो कोनाचा वाढदिस व्हता रं?"
वाढदिवस नव्हता, म्हटलं.
तिने चिठ्ठी लुगड्याला पुसून हातात दिली.
शिसपेन्सिल पाण्यात जात नाही
हे मला त्या दिवशी कळलं.
ताई वर डबा मिळतो का.

मग तिने हनुवटीनेच दाखवलं, तिवरांकडे.
पाणकावळा.
पंख पसरून वाळवत बसलाय असंच वाटलं,
सवयच असते त्यांची.
पण पाणी चढून फांदीला लागलं तरी
पंख मिटेनात.
रिबीन चोचीतून निघून गळ्याभोवती,
गळ्याभोवतून फांदीला.
उन्हात चांगली चमकत होती.

मागच्या वर्षी घाटावर कावळा शिवत नव्हता.
दोन तास. भटजी घड्याळ बघत होते.
कुणी म्हणालं भावजींचं नाव घ्या, कुणी म्हणालं भजी ठेवा, तिला आवडायची.
शेवटी मी मनात म्हटलं, बालवाडी बंद पडू देणार नाही,
आणि एक आला, भाताला चोच लावून उडाला.
आई म्हणाली, सुटली पोर.

आता हा शिवला.
भात नाही, दर्भ नाही, कुणी हाकही मारली नव्हती.
त्याला बिचाऱ्याला मासाच वाटला असेल.
इच्छा कुणाची राहिली होती ताई?
तुझी तर नव्हे.
तू खडूचे तुकडेसुद्धा डबीत जपायचीस.

एक फुगा उरला होता, न फुगवलेला.
तो मी खाडीच्या पाण्याच्या बादलीत टाकून ठेवला, गॅलरीत.
होळी गेली, आंबे गेले, गणपती गेले.
बायको विचारते, ही बादली कधी मोकळी होणार?
रंग थोडा उतरलाय.
ताणला की अजून ताणतो.

रविवारी ओहोटीला गमबूट घालून जातो, गोणपाट घेऊन.
चांगुणाबाई हसते, पण कुठे पाय रुततो ते सांगते.
आजवर एकोणीस मिळाले.
दोनांवर गाड्यांच्या शोरूमचं नाव,
एकावर हॅपी बर्थडे कियान.
आपले सात, पाणकावळ्याचा धरून.
पंचेचाळीस बाकी.

परवा छोट्या ओजसने विचारलं,
माझी चिठ्ठी पोचली का?
ती तेव्हा माझ्या खिशातच होती.
नाही रे, म्हटलं, परत आली.
तो जरा विचारात पडला.
मग पत्ता चुकला असेल, म्हणाला,
आणि डबा खायला पळाला.

उद्या ओहोटी सव्वासहाला आहे.